परवाना वेगळा, परवानगी वेगळी

प्रश्न: मी नऊ वर्षं अमेरिकेत आहे, एच-वन-बी व्हिसावर. गेल्या चार जुलैला एका सहकाऱ्याच्या शेतावर त्यानं स्वतः उडवलेलं दारूकाम पाहिलं, तेव्हापासून मनातून जात नाही. त्याच्याकडे एटीएफचं, म्हणजे स्फोटकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या फेडरल खात्याचं, परमिट आहे. गावाबाहेर माझी पाच एकर मोकळी जागा आहे. मलाही हौस म्हणून तीन-चार इंची शेल, म्हणजे आकाशात जाऊन फुटणारे गोळे, उडवायचे आहेत. फेडरल परमिट हातात आलं की स्वतःच्याच जागेत उडवायला आणखी कुणाला विचारावं लागतं का? – एक वाचक

उत्तर: तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी, तुम्ही ओघात लिहून गेलात त्या व्हिसाबद्दल बोलू. स्फोटकं जवळ बाळगायला कुणाला मनाई आहे, याची फेडरल कायद्यात यादी आहे. २००२ च्या सेफ एक्स्प्लोझिव्हज ॲक्टनं त्या यादीत परदेशी नागरिकही घातले. ग्रीन कार्डवाल्यांना त्यातून वगळलंय, एच-वन-बीवाल्यांना साधारणपणे नाही. आकाशात फुटणारे मोठे शेल, म्हणजे १.३ जी वर्गाचा माल, कायद्याच्या लेखी स्फोटकंच. त्यामुळे आज तुम्ही अर्ज करू नका. आणि सहकाऱ्याच्या हाताखाली मॉर्टरमध्ये (शेल उडवायच्या नळीत) शेल सोडायलाही जाऊ नका. माल त्याचा असला तरी हातात तुमच्या असतो, आणि अशा गुन्ह्याचा डाग पुढे ग्रीन कार्डाच्या फाइलीपर्यंत जाऊ शकतो. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ग्रीन कार्डाची वाट बघत मी सहा वर्षं काढली. त्या काळात आमच्या दारूकामाच्या क्लबसाठी मी फक्त संगीत जुळवायचो: कुठल्या ठोक्यावर कुठला शेल फुटायला हवा, तीन इंची वर जायला किती वेळ घेतो, सगळं लॅपटॉपवर. फाइल पाठवायची आणि प्रयोगाच्या रात्री प्रेक्षकांत बसायचं. तुम्हीही तिथून सुरुवात करा. हे काम शिकायला वर्षं लागतात, आणि ते दारूला हात न लावता शिकता येतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, विचारावं लागतं, आणि तेच जास्त महत्त्वाचं आहे. मराठीत आपल्याकडे दोन नेमके शब्द आहेत: परवाना आणि परवानगी. एटीएफचं परमिट हा परवाना. तुम्ही माल घेऊ शकता, बाळगू शकता, एवढंच तो सांगतो. अमुक रात्री अमुक जागी उडवा, ही परवानगी स्थानिक फायर मार्शलची (आगीपासूनच्या सुरक्षेचा अधिकारी) किंवा टाउनशिपची, म्हणजे गावच्या प्रशासनाची, आणि ती दर प्रयोगाला नव्यानं घ्यायची. फेडरल नियमांतच लिहिलंय की या परमिटमुळे राज्याच्या किंवा इतर कायद्याविरुद्ध वागण्याचा हक्क मिळत नाही. काही राज्यांत मधे तिसरी पायरी असते, ऑपरेटर म्हणून राज्याच्या परीक्षेची.

एटीएफचं युजर परमिट तीन वर्षांचं असतं, फी १०० डॉलर, नूतनीकरणाला ५०. वर्षभराचं मर्यादित परमिट २५ डॉलरला मिळतं, पण त्यावर फक्त आपल्याच राज्यात आणि वर्षातून सहा वेळाच माल घेता येतो. वय २१ पूर्ण हवं, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, पार्श्वभूमीची तपासणी होते. अर्जाची प्रत स्थानिक पोलीसप्रमुखांनाही जाते.

खरी अडचण साठवणीची. १.३ जी माल घरात ठेवताच येत नाही. त्याला नियमात बसणारं दारूकोठार लागतं, आणि माल अगदी थोडा असला तरी ते राहत्या घरापासून आणि सार्वजनिक रस्त्यापासून १५० फूट लांब हवं. दर सात दिवसांनी ते तपासायचं आणि मालाची नोंदवही ठेवायची. मी कोठार बांधलंच नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे साठवणीची लेखी सोय केली. माल त्याच्याच गाडीनं प्रयोगाच्या दिवशी येतो आणि त्याच रात्री संपतो. पावसानं बेत रद्द झाला तर तो त्याच्याच कोठारात परत जातो. हौशी माणसाला हीच व्यवस्था परवडते.

आता तुमचे पाच एकर. उभ्या मॉर्टरसाठी एनएफपीए ११२३ चा, म्हणजे अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या दारूकामाच्या मानकाचा, ठोकताळा आहे: शेलच्या व्यासाच्या दर इंचाला ७० फूट. त्या त्रिज्येत प्रेक्षक, घर किंवा प्रेक्षकांच्या गाड्या नकोत. तीन इंचीला २१० फूट, चार इंचीला २८०. पाच एकरांचा तुकडा अगदी चौरस धरला तरी बाजू साधारण ४६६ फुटांची, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत २३३. तीन इंची जेमतेम बसतो, चार इंची बसत नाही. तुमचं स्वतःचं घर त्याच जागेत असेल तर तीन इंचीचाही पुन्हा विचार करावा लागेल.

मोजमाप पायांनी चालून करा. माझ्या पहिल्या स्वतंत्र प्रयोगाचा नकाशा मी उपग्रहाच्या चित्रावरून काढला आणि शेजारचं घर २९० फुटांवर दाखवलं. मार्शल मोजणीचं चाक घेऊन आले. शेजाऱ्यांनी मागच्या बाजूला नवी खोली काढली होती, ती जुन्या चित्रात नव्हतीच. अंतर भरलं २६३. चार इंची सगळे शेल त्यांनी जागीच यादीतून काढायला लावले. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. त्या खोलीत शेजाऱ्यांची तान्ही नात झोपायची, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी माल ठरवायच्या आधी, नुसता हाती काढलेला नकाशा घेऊन मार्शलना भेटायला जातो. विम्याची रक्कम किती, पाण्याचा टँकर लागेल का, कोरड्या हंगामात बंदी आहे का, हे सगळं त्या पहिल्या भेटीतच कळतं.

प्रश्न: मग दुकानात मिळणारे कन्झ्युमर फटाके तरी विनापरवाना चालतात ना? – तेच वाचक

उत्तर: फेडरल परवाना लागत नाही, एवढं खरं. हा १.४ जी वर्गाचा माल. त्यातल्या शेलची मर्यादा पावणेदोन इंच व्यास आणि ६० ग्रॅम मिश्रण. पण राज्य बदललं की नियम बदलतो. मॅसॅच्युसेट्समध्ये सामान्य माणसाला हेही बेकायदा आहे, आणि इतरत्र राज्यानं मोकळीक दिली तरी गाव किंवा काउंटी बंदी घालू शकते. दुकानदार विकतोय म्हणून ते आपल्या अंगणात चालतं असं धरू नका. टाउनशिपच्या कचेरीत फोन करा आणि उत्तर लेखी मागा.