वऱ्हाडीत कविता लिहिणाऱ्या एका मुलीस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कविता आणि सोबतची चिठ्ठी मिळाली. 'वऱ्हाडीत लिहिलंस तर चार जिल्ह्यांपलीकडे कोण वाचणार' असं तुला कुणीतरी सांगितलं आणि तू दोन महिने लिहिणं थांबवलंस. त्या प्रश्नाला माझ्या मताने उत्तर देण्यापेक्षा एका माणसाबद्दल सांगतो. गिदो गेझेले. माझा फार जवळचा कवी.

जन्म ब्रुज शहरातला, 1 मे 1830. त्याच वर्षी बेल्जियम स्वतंत्र झाला आणि राज्यकारभार, न्यायालयं, वरचं शिक्षण सगळं फ्रेंचमध्ये चालू लागलं. फ्लेमिश, म्हणजे देशाच्या उत्तरेकडच्या फ्लँडर्स भागात बोलली जाणारी डच, ही शेतकऱ्यांची, मोलकरणींची भाषा. त्यातही गेझेलेची पश्चिम फ्लँडर्सची बोली म्हणजे अगदी तळाची. वडील माळीकाम करत. रूसेलारे गावच्या धार्मिक विद्यालयात शिकताना खर्च भागवण्यासाठी हा मुलगा तिथेच दारावर राखणीचं काम करायचा. 1854 मध्ये धर्मगुरू झाला आणि त्याच विद्यालयात शिक्षक म्हणून परतला.

तिथे त्यानं मुलांना कविता शिकवली ती त्यांच्या घरच्या बोलीत. पाण्यावर गरागरा फिरणाऱ्या काळ्या किड्यावर त्यानं 1857 साली एक कविता लिहिली. कवी किड्याला विचारतो, तू पाण्यावर एवढं काय लिहितोस? दगड, मासे, फुलं, पक्षी की निळं आभाळ? किडा सांगतो, आम्ही देवाचं नाव लिहितो. फ्लँडर्समधल्या कितीतरी मुलांनी ती शाळेत पाठ केली आहे. पुढच्या वर्षी एक विद्यार्थी वारला, तेव्हा सगळ्या वर्गाला घेऊन तो स्टाडन गावी अंत्ययात्रेला गेला आणि त्या दिवसावर गद्य-पद्य मिसळून एक पुस्तक लिहिलं. शेतकऱ्याच्या घरातला मृत्यू, तिथले रिवाज, तिथलेच शब्द. मला ते पुस्तक फार मोलाचं वाटतं, कारण त्यात कुठेही 'बघा, ही आमची बोली' असा आव नाही.

विद्यार्थ्यांशी त्याची अतिशय जवळीक होती आणि शिकवण्याची रीत वेगळी होती. वरिष्ठांना ते रुचलं नाही. 1860 मध्ये त्याला रूसेलारे सोडावं लागलं. 1862 चा संग्रह आल्यावर पुढची दीडेक दशकं त्यानं मनापासून अशी कविता फारच थोडी लिहिली. वर्तमानपत्रांचं काम, राजकीय वाद, कर्ज, आजारपण. 1872 मध्ये तो पुरता खचून कोर्तराइकला साधा सहायक धर्मगुरू म्हणून गेला. तुझे दोन महिने बघ आणि त्याची ती वर्षं बघ.

आता जे सांगतो ते नीट वाच, कारण सगळं पत्र यासाठीच लिहितो आहे. त्या काळात त्यानं शब्द गोळा केले. शेतकरी, विणकर, मासे पकडणारे, म्हाताऱ्या बायका, जो भेटेल त्याच्याकडून. प्रत्येक शब्द कागदाच्या वेगळ्या चिटोऱ्यावर, कुठे ऐकला त्याच्या नोंदीसह. अशा चिठ्ठ्या दीड लाखाच्या घरात गेल्या. 1881 पासून 1895 पर्यंत 'लोकेला' नावाचं छोटं मासिक त्यानं केवळ या शब्दांसाठी चालवलं. वाचक गावोगावहून शब्द कळवत. त्याचं म्हणणं असं, की पश्चिम फ्लँडर्सच्या बोलण्यात मध्ययुगीन भाषेचा साठा जिवंत आहे. ती बिघडलेली भाषा नव्हे. प्रमाण डच हवी म्हणणाऱ्यांशी त्याचे मोठे वाद झाले. तो वाद तो हरला, हे तुझ्यापासून लपवत नाही. आज फ्लँडर्सच्या शाळांत प्रमाण डचच शिकवतात. पण साठीच्या उंबरठ्यावर कविता परत आली आणि ती या चिठ्ठ्यांतून आली, असं माझं ठाम मत आहे. 1893 मध्ये 'टाइडक्रान्स' आणि 1897 मध्ये 'राइमस्नूर', वर्षभराच्या ऋतूंमधून फिरणारा संग्रह. पाऊस, झाडं, पाखरं, धुकं, आणि प्रत्येकाला नेमकं नाव. मग हॉलंडमधल्या नव्या कवींनीही त्याला मानलं. 27 नोव्हेंबर 1899 ला तो गेला.

आणि तो एका बोलीत कोंडून बसलेला माणूस नव्हता. इंग्रजी त्याला उत्तम येई; अमेरिकन कवी लाँगफेलोचं 'हायवाथा' हे काव्य त्यानं 1886 मध्ये आपल्या भाषेत आणलं. तूही इतर भाषा वाचत राहा.

त्याचा भाचा फ्रँक लातेर अवेल्गेम गावात पावाची भट्टी चालवायचा आणि स्टाइन स्त्रूव्हेल्स या नावानं कथा लिहायचा. त्याची 1907 ची कादंबरी अंबाडीसारख्याच धाग्याच्या पिकाची, जवसाच्या जातीतल्या फ्लॅक्सची. म्हातारा होत चाललेला बाप, कर्ता झालेला मुलगा, आणि शेत कुणाच्या मनाप्रमाणे पेरायचं यावरून पेटत जाणारं वैर. त्या पिकात बायका गुडघ्यांवर रांगत निंदण करतात, तेही वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, म्हणजे दबलेली रोपं वाऱ्यानं पुन्हा उभी राहतात. हे ज्याला ठाऊक आहे त्यानंच ती कादंबरी लिहावी.

आता तुझ्या कविता. 'मले', 'काहून', 'व्हय' ओळीओळीत आहेत. पण कापूस वेचणीवर एवढी मोठी कविता लिहिलीस आणि त्यात पऱ्हाटीला पाती कधी धरली, बोंड कधी फुटलं याचा पत्ता नाही. पिकात फिरणारा डवरा नाही, शेताच्या बांधाचा धुरा नाही. वेचणाऱ्या बाईच्या बोटांना काय होतं तेही नाही. विभक्तीचे प्रत्यय बदलले की कविता वऱ्हाडी होत नाही. तुझी आजी वेचणीला जात होती, तुझी आई जाते. तुला हे विचारायला घराबाहेर पडायची गरज नाही. 'आभाळ' वरची छोटी कविता मात्र खरी उतरली आहे, कारण तिच्यात ढगांची तुझ्या आजीने ठेवलेली नावं आहेत. तिला हात लावू नकोस.

चार जिल्ह्यांची चिंता सोड. गेझेलेचा प्रदेश आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याहून लहान होता.

एक वही कर. एका पानावर एकच शब्द, कुणाकडून आणि कोणत्या कामाच्या वेळी ऐकला ते खाली. आजीला घाई करू नकोस, ती सांगेल तेवढंच लिही, आणि तिचं वाक्य सुधारू नकोस. दिवाळीपर्यंत मला कविता पाठवू नकोस. पहिली पन्नास पानं भरली की वहीच पाठव.

तुझा,
काका