मॉनिटर नवा घेतलाय? आधी एवढं बघ
अक्षरं पुसट दिसतायत म्हणून लगेच चष्म्याचा नंबर तपासायला पळू नकोस. आधी रेझोल्यूशन बघ, म्हणजे स्क्रीनवर आडवे-उभे किती ठिपके (पिक्सेल) आहेत ते. पॅनल १९२० बाय १०८० चं असेल तर तेवढंच ठेव. अक्षरं बारीक वाटली तर स्केलिंग (अक्षरं-चिन्हं मोठी करायची सेटिंग) १२५ टक्के कर, पण रेझोल्यूशन उतरवू नकोस. सगळा घोळ तिथेच होतो. १४४ हर्ट्‌झचा (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र ताजं करणारा) मॉनिटरही बऱ्याचदा ६० वरच चालत असतो, तेही तपास. ब्राइटनेससाठी स्क्रीनशेजारी कोरा कागद धर. स्क्रीनवरचं पांढरं पान त्याच्यापुढे भगभगीत वाटलं तर कमी कर. रंगाचं तापमान, म्हणजे पांढरा रंग पिवळट दिसतो की निळसर ते, ६५०० केल्विनवर ठेव. ‘व्हिव्हिड’ मोड मला तरी भडकच वाटतो. पुसायचं मॉनिटर बंद करून, मायक्रोफायबर कापडाने. फवारा कापडावर मार, थेट स्क्रीनवर नको.