फोमची बंदूक पडद्यावर खेळणं का वाटते?

प्रश्न : आम्ही वीस मिनिटांचा विज्ञानपट करतोय. १० मिलिमीटरच्या ईव्हीए फोमची (चपलेच्या तळव्यासारखा मऊ फोम) बंदूक केली, चंदेरी रंग मारला. कॅमेऱ्यात ती खेळण्यातलीच दिसते. – वाचक, परभणी

उत्तर : सगळी बंदूक एकाच मालाची आहे आणि तिला वजन नाही. ‘स्टार वॉर्स’मधलं (१९७७) हान सोलोचं पिस्तूल माउझर सी-९६ या जर्मन पिस्तुलावर सुटे भाग चढवून केलं होतं. ल्यूकच्या प्रकाश-तलवारीची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा. प्रेक्षकाला हे यंत्र कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं, पण नेमकं काय ते आठवत नाही. विश्वास बसतो तो त्यामुळे.

तुमच्याकडे ठिबकचं सामान गावोगाव मिळतं. खत सोडायची व्हेंचुरी घ्या. तिच्याइतका परग्रहावरचा वाटणारा भाग बाजारात शोधून सापडणार नाही. फवारणी पंपाची गन चापासकट तयार मिळते, पण नवीच घ्या. वापरलेल्या गनमध्ये औषधाचा अंश राहतो आणि कलाकार ती तासन्‌तास हातात धरणार असतो. एक अडचण मात्र येते. ठिबकची नळी पॉलिथिनची असते आणि व्हेंचुरी बहुधा पॉलिप्रॉपिलिनची. या दोन्हींवर रंग आणि चिकटद्रव्य धरत नाही, पापुद्रे निघतात. २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून प्लॅस्टिक प्रायमर मारा, आणि जोड स्क्रूनं किंवा तारेनं आवळा.

वजनासाठी १६ मिलिमीटरची सळई अर्धा मीटर आत घाला. ती साधारण ८०० ग्रॅम भरते, आणि फोम वाकणंही थांबतं. तोल मुठीच्या किंचित पुढे आला पाहिजे. मग खांदा आपोआप उतरतो, वजन पेलण्याचा अभिनय करावा लागत नाही. हाणामारीच्या दृश्यासाठी सळईविना दुसरी प्रत करा.

फोम चिकटवताना रबरी सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं आणि बोटाला ओलं लागेनासं झालं की दाबायचं. एरवी याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मे महिन्याच्या उन्हात पापुद्रा लवकर धरतो. उशीर झाला तर जोड वरवरचा बसतो आणि बंद गाडीत ठेवलेली बंदूक संध्याकाळी उसवलेली सापडते. म्हणून सकाळी, सावलीत काम करा. रंगाआधी फोमवरून हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) फिरवा, म्हणजे छिद्रं मिटतात. ती उघडी राहिली तर फोम रंग पितो आणि पृष्ठभाग खरबरीत दिसतो. बंदुकीच्या नळीचा एखादा भाग थर्माकोलचा असेल तर त्यावर स्प्रेचा रंग थेट मारू नका. त्यातलं द्रावक थर्माकोल विरघळवतं.

चंदेरी रंग सगळीकडे मारणं ही सर्वांत मोठी चूक. आधी काळा मारा. मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं फक्त कडांवर चंदेरी ओढा. झीज कुठं दाखवायची हे जुन्या फवारणी पंपाकडे पाहून ठरवा : रंग मुठीपाशी उडतो, माती खाचांत बसते. सपाट मधला भाग शेवटपर्यंत नवा राहतो.

प्रश्न : ९ व्होल्टच्या बॅटरीवर तीन निळे एलईडी ओळीनं जोडले, पेटतच नाहीत. – वाचक, लातूर

उत्तर : निळ्या एलईडीला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. तिघांचे ९.६ झाले, बॅटरीत तेवढे नाहीत. दोन ओळीनं जोडले तर पेटतील, पण बॅटरी थोडी उतरली की मंद होतील. प्रत्येकाला स्वतंत्र ३३० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह रोखणारा सुटा भाग) देऊन समांतर जोडा. दर एलईडीला साधारण १८ मिलिअँपिअर मिळतात. प्रकाश कमी हवा असेल तर मोठा रेझिस्टर घाला. प्रकाश मंद करणारं डिमर मॉड्यूल वापरू नका; ते प्रकाश सतत चालू-बंद करतं, त्यामुळे चित्रावर पट्टे येतात. गोळीची चमक ८० मिलिसेकंद तरी ठेवा. सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेमच्या) चित्रीकरणात एक चौकट ४० मिलिसेकंदांची असते. चमक त्याहून छोटी असली तर अर्धीच चौकट उजळते.

प्रश्न : लेझरचा ‘पिव्’ असा आवाज कसा काढायचा? – वाचक, उदगीर

उत्तर : ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी ‘स्टार वॉर्स’साठी रेडिओ टॉवरच्या ताणाच्या तारेवर हातोडी मारून तो मिळवला. ताठ तारेतून उंच स्वर आधी पोचतो, खालचा मागून येतो, म्हणून आवाज घसरतो. विजेच्या खांबाच्या ताणाला मात्र हातही लावू नका, त्यात प्रवाह उतरलेला असू शकतो. खेळण्यातली लांब स्प्रिंग छताला टांगा, वरच्या टोकाला कागदी पेला चिकटवून त्यात रेकॉर्डिंग चालू केलेला मोबाइल धरा आणि खालच्या टोकाला चमच्यानं टिचकी मारा.

प्रश्न : नळीतून खरा धूर निघावा म्हणून फटाक्याची दारू भरावी का? – वाचक, अंबाजोगाई

उत्तर : अजिबात नाही. बंद नळीत दारू पेटली की नळी फुटते आणि प्लॅस्टिकचे तुकडे थेट चेहऱ्यावर येतात. कोरं काडतूसही निरुपद्रवी नसतं. १९८४ मध्ये अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने तसं काडतूस भरलेलं पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नसतानाही त्या धक्क्यानं कवटी फुटली आणि तो गेला. धूर संकलनात घाला. उघड्यावर चित्रीकरण करणार असाल तर आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि बंदूक ने-आण करताना पिशवीत झाकून न्या; लांबून ती खेळण्यातली आहे हे कुणाला कळत नाही.