नीटमध्ये ४७५ : केईएमचा हट्ट, चिपळूणची जमीन आणि रत्नागिरीचा दाखला

पत्र थोडक्यात असं :

"ताई, मुलीला २०२५ च्या नीटमध्ये ४७५ मार्क मिळाले. १२७ बरोबर, ३३ चूक, २० सोडले. ऑल इंडिया रँक ८८ हजारांच्या आसपास. आम्ही ओबीसी. उत्पन्न आठ लाखांच्या आत, नॉन-क्रिमीलेअर काढलंय. जातपडताळणीचा अर्ज रत्नागिरीला दिलाय, दाखला अजून हातात नाही. मुलगी म्हणते, केईएम नाहीतर ड्रॉप, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट. शेजारच्या वहिनी म्हणतात, आमच्या पुतण्याला गेल्या साली ५६० ला सरकारी मिळालं नाही, तुम्ही कसली आशा धरता? एकजण म्हणतो पाच लाख भरा, सीट धरून ठेवतो. मिस्टर चिपळूणची जमीन विकायला निघालेत. घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. काय करू? — एक आई, मुलुंड"

ताई, आधी वहिनींचा हिशोब. ५६० आणि ४७५ शेजारी मांडून काहीच कळत नाही, कारण पेपर वेगळे होते. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ मुलांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले आणि ६५० च्या वर अख्ख्या देशात फक्त ७३ जण. गेल्या साली ५६० वाला रँकमध्ये लाखाच्या पलीकडे होता. तुमची मुलगी ८८ हजारांवर आहे, म्हणजे पुतण्याच्या पुढेच. प्रवेश रँकवर होतो, मार्कांवर नाही. मागच्या वर्षीच्या कट-ऑफशी यंदाचे मार्क जुळवणारे व्हॉट्सॲपवरचे तक्ते पुसून टाका.

आता कडू भाग. केईएम मिळणार नाही. हे मुलीला तुम्हीच सांगा, आणि आकड्यांनी सांगा. तिथे एमबीबीएसच्या २५० जागा. १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात गेल्या की राज्याकडे २१२ च्या आसपास उरतात. त्यातल्या १९ टक्के ओबीसीला, म्हणजे साधारण चाळीस. २०२० मध्ये ७०:३० चा विभागीय कोटा (७० टक्के जागा त्या विभागातल्याच मुलांना) गेला, तेव्हापासून या चाळीस जागांसाठी लातूर-नांदेडची मुलंही त्याच यादीत असतात. जेजे, सायन, नायर, कूपरचीही हीच गत. मुलींचं ३० टक्के समांतर आरक्षण धरलं तरी ८८ हजारांचा रँक तिथवर पोचत नाही. अखिल भारतीय कोट्यातून सरकारी जागा धरायची तर खुल्या आणि ओबीसी गटात रँक पंचवीस हजारांच्या आतबाहेर लागतो, त्यामुळे तिथेही वेळ घालवू नका.

राज्यातलं इतर कुठलंही सरकारी कॉलेज माझ्या मते कठीण आहे, अशक्य म्हणणार नाही. अंबरनाथपासून गडचिरोलीपर्यंत २०२४ मध्ये नवी कॉलेजं सुरू झाली, त्यामुळे शेवटचा रँक दरवर्षी थोडा सरकतो. खरी शक्यता खासगी कॉलेजांच्या काठावर आहे, आणि ती राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या मागच्या वर्षीच्या यादीत तपासता येते. निवडयादीची पीडीएफ उतरवून घ्या. तिच्यात ऑल इंडिया रँक, उमेदवाराचा प्रवर्ग, जागा कुठल्या कोट्यातली आणि कॉलेज हे वेगवेगळ्या रकान्यांत असतं. बहुतेक पालक इथेच चुकतात : उमेदवाराच्या प्रवर्गात 'ओबीसी' दिसलं की तो ओबीसीचा कट-ऑफ धरतात. ओबीसी मुलाने गुणवत्तेवर खुली जागा घेतलेली असू शकते. तुम्ही जागेच्या कोट्याचा रकाना बघा. जिथे ओबीसीची जागा दिली आहे अशा ओळींतला प्रत्येक कॉलेजचा सगळ्यात खालचा रँक कागदावर उतरवा. पहिल्या फेरीचा वेगळा, शेवटच्या फेरीचा वेगळा, कारण खासगीत या दोहोंत बराच फरक पडतो. पहिल्या फेरीत नाव आलं नाही म्हणून रडारड नको.

आणि जमीन? थांबवा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, खासगी विनाअनुदानित कॉलेजातही. अट एकच महत्त्वाची, प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश (कॅप) फेरीतून हवा. संस्थेच्या कोट्यातून किंवा अभिमत (डीम्ड) विद्यापीठात घेतला तर ही माफी नाही. विकास शुल्क, वसतिगृह, मेस आणि पुस्तकं मात्र घरची. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज दरवर्षी करावा लागतो, आणि उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो. तेव्हा मिस्टरांशी बोलायचं ते जमिनीच्या भावाबद्दल नव्हे, वसतिगृहाच्या खर्चाबद्दल बोला. तो हिशोब पगारातून बसतो का ते बघा.

पाच लाखांवाल्याला विचारा, कुठली सीट धरून ठेवणार? कॅपमधली जागा सीईटी सेल देतं, अभिमत विद्यापीठांची केंद्राची एमसीसी. दोन्हीकडे रँकप्रमाणे. संस्था आणि एनआरआय कोट्याची फी साध्या जागेच्या कित्येक पट, आणि तिथेही गुणवत्ता यादी लागते. नवी मुंबईतल्या अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी पंचवीस लाखांच्या आगेमागे आहे. पाच लाख हे तिथलं टोकनसुद्धा म्हणता येणार नाही.

या सगळ्यात तुमच्या घराला खरा धोका कुठला असेल तर रत्नागिरीच्या दाखल्याचा. बाकी सगळे रँककडे बघतात, मी तुम्हाला हा कागद बघायला सांगेन. जातपडताळणीचं हे वैधता प्रमाणपत्र वेळेत नसलं तर मुलगी खुल्या गटात मोजली जाते, खासगीचा काठही हातचा जातो, आणि शुल्कमाफीत तोच कागद परत मागतात. काही वर्षी पावती आणि हमीपत्रावर मुदत मिळाली आहे, पण यंदा मिळेलच असं धरून बसू नका. बहुतेक अर्ज अडकतात ते १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा नसल्याने. ओबीसीसाठी ही मानीव तारीख आहे, म्हणजे जातीचा पुरावा तिच्या आधीचा हवा. आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा दाखला, जन्मनोंद, गावचा जुना उतारा, ज्यात जात लिहिलेली आहे असं काहीही. वडिलांकडच्या नात्यात कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत आणि तुमच्याशी नातं दाखवणारी वंशावळ शपथपत्रासह जोडा. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असला तर त्याचंही शपथपत्र आताच करून ठेवा. समितीने त्रुटी काढली असेल तर ती ऑनलाइन अर्जावर दिसते. लॉगिन करून बघा, नुसती पावती जपून उपयोग नाही. चिपळूणला जायचंच असेल तर मिस्टरांना जमीन विकायला नव्हे, आजोबांच्या शाळेत पाठवा.

नॉन-क्रिमीलेअरवर वैधतेची तारीख येत्या ३१ मार्चची आहे ना, तेही तपासा. मागच्या वर्षीचा दाखला पुढे करून अडलेले खूप असतात.

ड्रॉपचा प्रश्न मुलीला रागात सोडवू देऊ नका. ३३ चुकीची उत्तरं म्हणजे ३३ मार्कांचा दंड. ती सोडली असती तरी ५०८ झाले असते, आणि ५०० च्या वर देशात साधारण ५१ हजारच मुलं होती. उत्तरतालिका घेऊन ३३ प्रश्नांपुढे खूण करायला सांगा : माहीत नव्हतं, घाईत चुकलं, की अंदाजाने टिक केलं. अंदाज आणि घाई जास्त असेल तर एक वर्ष देणं शहाणपणाचं ठरू शकतं. 'माहीतच नव्हतं' जास्त असेल, विशेषतः फिजिक्समध्ये, तर त्याच क्लासला पुन्हा फी भरून फारसं बदलणार नाही. बीडीएस (दंत) किंवा बीएएमएसला (आयुर्वेद) नुसतं 'तोवर बसू' म्हणून जागा घेऊ नका. मुदतीनंतर जागा सोडली तर दंड आणि अडकलेली मूळ कागदपत्रं, दोन्ही सोसावं लागतं. वरळीचं पोदार आयुर्वेद कॉलेज तिला मनापासून आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

पसंतीक्रमात केईएम पहिलं टाकू दे, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते दहा नावांवर थांबल्याने, किंवा जिथे जायचंच नाही असं कॉलेज यादी लांबवायला टाकल्याने. पहिल्या फेरीनंतर मिळालेली जागा नाकारण्याचे नियम कडक होतात, ते यंदाच्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्या. जागा मिळाली आणि पुढच्या फेरीत बदल नको असेल तरच रिटेन्शन फॉर्म भरा, तो भरला की वरच्या पसंतीचा रस्ता बंद. न भरता पुढे गेलात आणि वरची जागा लागली तर आधीची आपोआप जाते, परत मागता येत नाही. सरकारी कॉलेज लागलंच तर एमबीबीएसनंतर एक वर्षाची सेवा आणि ती न केल्यास १० लाखांचा बॉण्ड आहे, हेही सही करण्याआधी तिला माहीत हवं.

फॉर्म मुलीनेच भरावा, तुम्ही शेजारी बसा. नोंदणीचा मोबाईल नंबर आणि ईमेल घरातलाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा नको, सीट धरून ठेवणाऱ्याचा तर अजिबात नको, कारण ओटीपी ज्याच्या फोनवर येतो तोच पसंतीक्रम बदलू शकतो.