आधी ऊब, मग आडोसा, मग खाणं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. लेकीच्या वाढदिवसाला कासवाचं पिल्लू आणलंत, त्याला आज पाच दिवस झाले. रुपयाच्या नाण्याहून जरासं मोठं. डब्यातल्या प्लास्टिकच्या माडाखाली लपून बसतं, कोणी जवळ गेलं की मान आत घेतं आणि दुकानदाराने दिलेल्या दाण्यांना तोंड लावत नाही. सगळ्यात शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की डबा लेकीच्या खोलीत असतो आणि तिथे रात्रभर एसी चालतो. मला वाटतं, निम्मं उत्तर त्या वाक्यातच आहे.

कासवाला स्वतःची उष्णता नसते. पाणी जेवढं ऊबदार तेवढंच त्याचं अंग ऊबदार, आणि अंग गार असेल तर पोटातलं अन्न पचत नाही. त्यामुळे ते खातच नाही. हट्ट नाही तो, शरीर नको म्हणत असतं. एवढ्या लहान पिल्लाला पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस लागतं. एसी २४ वर असेल तर उथळ, उघड्या डब्यातलं पाणी बाष्पीभवनामुळे त्याहूनही खाली जातं. आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत वर्षातले बरेच महिने पाणी आपसूक ऊबदार राहतं, म्हणून दुकानदार बिनधास्त सांगतात की हीटर लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत आणि एसीच्या खोलीत मात्र लागतो.

हे मी अनुभवाने शिकले. मी वर्तकनगरला राहते, चौदा वर्षांपासून माझ्याकडे स्लायडर आहेत, म्हणजे तुमचं पिल्लू फोटोत वाटतं त्याच लाल कानाच्या जातीची कासवं. आत्ता जी मोठी मादी आहे ती डिसेंबरात आणली होती आणि अकरा दिवस तिने काही खाल्लं नाही. मी दाणे बदलले, कोलंबी दिली, चिमट्याने तोंडाशी नेऊन धरलं, काही उपयोग झाला नाही. बाराव्या दिवशी थर्मामीटर आणून पाण्यात सोडला तर पारा २१ वर. हीटर लावून दोन दिवसांत हळूहळू २८ पर्यंत नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कपाटाच्या आरशात मला दिसलं, मी पाठमोरी असताना ती दाणा तोंडात धरून बसली होती. मी वळले तशी गायब. तो आरसा पुढे तीन आठवडे माझ्या फार उपयोगी पडला.

तेव्हा पहिलं काम, डबा लेकीच्या खोलीतून हलवा आणि एक थर्मामीटर आणा. घाईने गरम पाणी मात्र ओतू नका. तापमान काही तासांना एखादा अंश असं वाढू दे. त्या माडाच्या डब्यात हीटर मावणारच नाही, त्यामुळे टाकी लागेल. दोन फुटी काचेची पुरे, ५० वॉटचा हीटर, त्याला जाळीचं आवरण, आणि तो कायम पूर्ण पाण्यात बुडलेला. पाणी बदलताना आधी हीटरचं बटण बंद करून तो निवू द्यायचा, नाहीतर नळी तडकते. पाणी सुरुवातीला वीतभरापेक्षा कमी ठेवा, पण उलटं झालं तर सरळ होता येईल इतकं तरी हवंच, म्हणजे त्याच्या पाठीच्या रुंदीपेक्षा जास्त. स्पंज फिल्टर घ्या, त्याचा प्रवाह मंद असतो. जोराच्या प्रवाहात एवढंसं पिल्लू दिवसभर नुसतं झगडत राहतं.

आता लाजण्याबद्दल. ते लाजत नाही ताई, ते घाबरलेलं आहे, आणि त्याचं घाबरणं बरोबर आहे. या जातीचं मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात. तिथे नाण्याएवढ्या पिल्लाला बगळा खातो, मोठा मासा खातो, बेडूकसुद्धा खातो. वरून सावली पडली की खाली जायचं, हे ते अंड्यातून शिकूनच बाहेर येतं. तुमचा डबा जमिनीवर, आणि त्यावर सगळं घर वाकून बघतंय. त्याच्या लेखी दिवसातून वीस वेळा बगळा येतो.

टाकी कमरेएवढ्या उंचीवर ठेवा, टीव्ही आणि मिक्सरपासून लांब, येण्याजाण्याच्या वाटेवर नको. तीन बाजूंना बाहेरून खाकी कागद चिकटवा. आत लपायला जागा द्या. मी नारळाची करवंटी वापरते. शेंड्या खरवडून काढायच्या, दोन-तीनदा उकळायची म्हणजे रंग कमी सुटतो, आणि एका बाजूला मोठा दरवाजा कापायचा. दरवाजा खरंच मोठा हवा, कारण अरुंद फटीत पिल्लू अडकलं तर श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडतं. कासवही बुडतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तरंगती वनस्पती मिळाली तर फारच छान. तिच्याखाली ते निवांत राहतं आणि पुढे तीच खातंही. तळाला बारीक खडे नकोत, गिळले जातात.

आणि एक आठवडा हात लावायचा नाही. लेकीला हे अवघड जाईल, मला कल्पना आहे. तिला एक वही द्या. सकाळचं तापमान, किती वाजता बाहेर आलं, कुठे बसलं, एवढं तिने लांबून बघून लिहायचं. माझ्या भाचीने हे मनापासून केलं होतं. आजींनी पाठीवर हळदकुंकू वाहिलंय ते फोटोत दिसतंय. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की हे कवच म्हणजे दगड नाही, जिवंत हाड आहे, त्याला स्पर्श कळतो, आणि कुंकवातले रंग पाण्यात उतरून डोळ्यांत जातात. देवळातल्या कासवाला आपण हात लावून आत जातो, ह्याला लांबूनच नमस्कार करू.

मग खाणं. अंड्यातून नुकत्याच आलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर ते काही दिवस सहज काढतं. बाकी तरतरीत असेल तर आठवडाभर न खाल्ल्याने काही बिघडत नाही. म्हणून चिमटा तोंडात खुपसणं, उचलून भरवणं, यातलं काहीच करू नका. पाण्याबाहेर ते गिळूच शकत नाही, त्याला घास पाण्यातच लागतो. काही जण खाऊ घालायला वेगळ्या टबात काढायला सांगतात. मोठ्या, धीट कासवांना ते ठीक. घाबरलेल्या पिल्लाला प्रत्येक जेवणाआधी उचलणं म्हणजे जेवण आणि भीती यांची गाठ बांधून देणं.

सकाळी ऊब देणारा दिवा (त्याचं पुढे सांगते) लावून तास-दीड तास झाला, अंग तापलं, की करवंटीच्या तोंडाशी खाणं हळूच सोडा आणि खोलीतून निघून जा. थांबून बघू नका. अर्ध्या तासाने या, उरलेलं जाळीने काढा. पहिल्यांदा दाण्यांपेक्षा हलणारं, वासाचं काहीतरी द्यावं. मत्स्यालयाच्या दुकानात गोठवलेल्या ब्लडवर्मच्या, म्हणजे बारीक लाल अळ्यांच्या, वड्या मिळतात. नखाएवढा तुकडा वाटीत वितळवून ड्रॉपरने सोडायचा. कुंडीतलं छोटं गांडूळ बारीक कापूनही चालतं, फक्त त्या कुंडीत औषध मारलेलं नको. डासांच्या अळ्या पिल्लांना फार आवडतात, पण त्यासाठी घरात पाणी साठवू नका, डेंग्यूला आमंत्रण कशाला. एकदा ब्लडवर्म खायला लागलं की त्याच पाण्यात दोन मिनिटं भिजवलेले कासवांचे बारीक दाणे त्यात मिसळायचे, आणि हळूहळू दाणे वाढवायचे. त्याच्या डोक्याएवढं अन्न, दिवसातून एकदा, पुरे. भात, पोळी, पाव, दूध नको.

दुकानदाराने जो सुक्या झिंग्यांचा डबा दिलाय, तो बाजूला ठेवा. मोठं झाल्यावर कधीतरी खाऊ म्हणून ठीक आहे. माझं सगळ्यात पहिलं पिल्लू, आत्ताच्या मादीच्या आधीचं, मी दुकानातल्या सल्ल्यावरून तेवढ्यावरच ठेवलं होतं, ऊन न देता. ते आवडीने खायचं, म्हणून मला वाटलं छान चाललंय. चार महिन्यांत डोळे सुजून मिटले, कवच मऊ पडलं आणि ते गेलं. त्या सुक्या झिंग्यांत ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पुरेसं नसतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं, म्हणून प्रत्येक नव्या माणसाला हे सांगते. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिशच्या पांढऱ्या हाडाचा, तुकडा पाण्यात तरंगत ठेवा, मागची कडक बाजू खरवडून टाकून. हवं तेव्हा ते कुरतडतं.

कॅल्शियम अंगी लागायला अतिनील-बी (यूव्हीबी) किरण हवेत, आणि ते काचेतून येत नाहीत. सरकत्या खिडकीतून येणारं ऊन दिसायला भरपूर, कामाला शून्य. म्हणून यूव्हीबीची, ५.० लिहिलेली ट्यूब घ्या, पाण्याबाहेर अंग शेकत बसायच्या जागेपासून साधारण एक फुटावर, मध्ये काच नको. प्रकाश दिसत असला तरी वर्षभरात बदलायची. बसायची जागा पूर्ण कोरडी हवी आणि तिथे ३२ अंशांच्या आसपास ऊब. घरातल्या एलईडीने ती येत नाही, जुना पिवळा ४० वॉटचा किंवा हॅलोजन बल्ब लागतो. दिवसा दहा-बारा तास दिवे, रात्री पूर्ण अंधार. सकाळचं कोवळं ऊन गॅलरीत द्यायचं तर पसरट टबात, अर्धी सावली, वर जाळी, आणि तुम्ही शेजारी बसून. कावळा नाण्याएवढं पिल्लू एका झेपेत नेतो. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका, पाणी बघता बघता उकळीसारखं तापतं.

पाणी रोज सगळं बदलू नका, तीन दिवसांनी एक-तृतीयांश पुरे. नळाचं पाणी, मोरबे धरणाचं असो वा टँकरचं, बादलीत रात्रभर उघडं ठेवा किंवा क्लोरीन काढायचं औषध घाला, आणि टाकीइतकंच ऊबदार करून मग ओता. टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. हात साबणाने धुवायचे, लेकीनेही आणि आजींनीही.

डोळे सुजून मिटलेले, पाण्यात एका बाजूला कलून तरंगणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. सगळं नीट करूनही दोन आठवडे काहीच खाल्लं नाही तरीसुद्धा डॉक्टर. पण आधी फोन करून विचारा की ते कासवं बघतात का, कुत्र्या-मांजरांचे सगळेच बघत नाहीत. पोटाकडचं कवच थोडं लवचिक लागलं तर घाबरू नका, या वयात तसं असतंच.

फोटोवरून हा लाल कानाचा स्लायडरच वाटतो. डोळ्यामागे रुंद लाल पट्टा, पाठ गोलसर हिरवी. पण एकदा बाजूने नीट बघा. पाठ कौलारू छपरासारखी मध्ये टोकदार असेल आणि त्या कण्यावर नारिंगी रेघ असेल तर ते आपल्याकडचं छतकासव असू शकतं, डोळ्यामागे त्यालाही लालसर खूण असते. देशी कासवं घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. तसं असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

स्लायडरच असेल तर एक गोष्ट आजच घरात बोलून घ्या. मादी फूटभर होते, वीस-तीस वर्षं जगते आणि तेव्हा तिला तीन-चारशे लिटरची टाकी लागते. लोक मग कंटाळून मासुंदा तलावात, उपवनमध्ये किंवा जवळच्या तळ्यात सोडून येतात. कृपा करून कधीही सोडू नका. तिथल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन घ्यायच्या जागा ते बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. जमणार नाही असं वाटलं तर इथेच लिहा, नीट सांभाळणारं घर आपण शोधू.

उद्या सकाळी दिवा लावायच्या आधी पाण्याचं तापमान बघा आणि आकडा इथे टाका. हीटर कितीवर ठेवायचा ते त्यावरून सांगते.