पान मोठं, प्रिंटर छोटा

प्रश्न : आमचं साप्ताहिक चार पानी, पूर्ण आकाराचं आहे. कार्यालयात ए-३ प्रिंटर आहे. पान त्यावर लहान करून प्रूफ वाचतो. तरी अनुस्वार-वेलांट्यांच्या चुका अंक छापून आल्यावरच दिसतात. काय करावं?
– एक संपादक, सांगली जिल्हा

उत्तर : ३३ × ५२ सेंमीचं पान प्रिंटरचा कडेचा समास सोडून ए-३ वर बसवलं की ते साधारण ७८ टक्क्यांवर येतं. १० पॉइंटचं अक्षर ८ पॉइंटच्याही खाली जातं आणि रफार कुठला, अनुस्वार कुठला हे कळेनासं होतं. त्या प्रूफवर मजकूर वाचूच नका. ते फक्त मांडणीसाठी : वार, तारीख, अंक क्रमांक (मागच्या अंकाची फाइल उघडून पान लावलं की हेच जुनं राहतं), शीर्षकं, फोटोओळी, ‘पान ४ वर’ लिहिलेली बातमी खरंच पान ४ वर आहे का, आणि प्रत्येक बातमीची शेवटची ओळ. चौकटीत न मावलेला मजकूर गुपचूप गायब होतो.

मजकुरासाठी शंभर टक्के आकाराचं प्रूफ काढा. ए-३ आडवा घेतला की पानाची रुंदी सहज बसते, म्हणजे वरचा आणि खालचा असे दोनच तुकडे. पीडीएफ उघडायच्या अ‍ॅक्रोबॅटच्या प्रिंट खिडकीत ‘पोस्टर’ निवडा, टाइल स्केल १००, ओव्हरलॅप १ सेंमी. जोडावर कापलेली ओळ एका तुकड्यावर तरी पूर्ण मिळते. निघालेल्या कागदावर पट्टी लावा : २ कॉलम × १० सेंमीची जाहिरात उंचीला १० सेंमीच भरली पाहिजे.

प्रूफ छापखान्यात जाणाऱ्या पीडीएफवरूनच काढायचं, पान लावलेल्या मूळ फाइलवरून नाही. युनिकोडमधला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये बदलून घेत असाल तर ‘बऱ्याच’, ‘दऱ्या’, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हं आधी पाहा. तिथे हमखास मोडतोड होते. नावं, रकमा, फोन नंबर एकाने मूळ प्रतीवरून मोठ्याने वाचावेत, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवावं. दुरुस्तीनंतर बदललेला शब्द तेवढा पाहून भागत नाही, ओळी सरकतात. तो परिच्छेद आणि बातमीचा शेवट पुन्हा वाचा.

प्रश्न : प्रूफवर स्वच्छ दिसणारा काळा मजकूर रंगीत पानावर लाल-निळ्या कडांचा का छापला जातो?

उत्तर : तो मजकूर नुसत्या काळ्या शाईत नाही, निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चारही शाईंत आहे. वर्डमधून आलेला आरजीबी (पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतला) काळा छपाईच्या शाईंत बदलताना असं होतं. मशीनवर रजिस्टर, म्हणजे चार शाईंची एकावर एक जुळणी, केसभर हललं की कडा फाटतात. तुमच्या प्रिंटरवर ते दिसणार नाही. अ‍ॅक्रोबॅटच्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये काळ्या शाईसमोरची टिक काढून टाका. तरीही जो मजकूर दिसत राहील तो चुकीचा; त्याला १०० टक्के काळा द्या. तिथेच शाईची एकूण मर्यादा (चारही शाईंच्या टक्क्यांची बेरीज) २४० टाकून फोटोही तपासा. त्याहून जास्त शाई न्यूजप्रिंटला पेलत नाही, ती मागच्या पानावर उमटते.