एका स्पेसमुळे फायलींचे मालक बदलले

प्रश्न : नौपाड्यातील आमच्या लहान हिशेब-कार्यालयात उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर आहे. एका फोल्डरची मालकी माझ्या खात्याकडे घेताना पाथमधल्या पहिल्या स्लॅशनंतर चुकून स्पेस पडली आणि फायलींचा मालक बदलणारी ‘चोन’ (chown) कमांड रिकर्सिव्ह पर्यायासह, म्हणजे आतल्या सर्व फायलींसकट, थेट रूट डिरेक्टरीवर (सगळ्यात वरच्या मूळ फोल्डरवर) चालली. मी ती मध्येच थांबवली. पण आता प्रशासकाचे अधिकार देणारी सुडो कमांडही चालत नाही, तिचा मालक युआयडी 0 (म्हणजे रूट हे प्रशासकाचे खाते) हवा असा संदेश येतो. सगळे फॉरमॅट करावे लागेल का?
— एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : लगेच फॉरमॅट करू नका. फाइल सिस्टिम फक्त सध्याच्या मालकाचा क्रमांक ठेवते, त्यामुळे आधीचा मालक तिला विचारून कळणार नाही. मात्र होम फोल्डरबाहेर सिस्टिमच्या फायली सहसा सामान्य खात्याच्या नावावर नसतात. म्हणून ‘फाइंड’ कमांडने आपल्या खात्याच्या फायली शोधल्या की बिघाड कुठवर पोचला ते दिसेल. ही यादी जपून ठेवा, कारण सगळे सरसकट रूटच्या नावावर केलेत तर हा एकमेव माग पुसला जाईल, शिवाय मायएसक्यूएलचा डेटा त्याच्या स्वतःच्या खात्याकडे नसल्याने डेटाबेसही सुरू होणार नाही.

रूटचे टर्मिनल अजून उघडे असेल तर ते बंद करू नका. नसेल तर ग्रब या बूट मेनूमधून रिकव्हरी मोडमध्ये जा आणि प्रथम हिशेबाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्यानंतर सुडोच्या फाइलीचा मालक रूट करा आणि मगच तिला 4755 परवानगी द्या (यातला 4 म्हणजे सेटयुआयडी बिट, ज्यामुळे कमांड तिच्या मालकाच्या अधिकाराने चालते). हा क्रम उलटा चालत नाही, कारण मालक बदलताना लिनक्स सेटयुआयडी बिट काढून टाकते. तुमचा सुडो अडला त्यात याचाही वाटा आहे. ‘एसयू’ (खाते बदलणारी) आणि ‘पासडब्ल्यूडी’ (पासवर्ड बदलणारी) या कमांडचेही तसेच झालेले असू शकते, म्हणून बिघडलेल्या भागातील पॅकेजेस ‘ॲप्ट’ या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने रीइन्स्टॉल करणे बरे. पॅकेजमध्ये नसलेल्या लॉग किंवा डेटाबेसच्या फायलींचे मालक मात्र जुन्या बॅकअपशी किंवा त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या मशीनशी ताडून पाहावे लागतात.

यादीत ‘ईटीसी’ (सेटिंग्जचे) आणि ‘व्हार’ (लॉग, डेटाबेस यांचे) हे फोल्डरही जवळजवळ पूर्ण आले असतील, तर डेटा वाचवून सिस्टिम नव्याने बसवा, असेच मी सांगेन. चालू दिसणाऱ्या सर्व्हरवर एखादी महत्त्वाची फाइल चुकीच्या मालकाकडे राहिली तर ती सुरक्षेतली उघडी फट ठरते.